माणूस ठेवलंय

१

"काही काळजी करू नका," असं म्हणणारा पहिला कंत्राटदार बाईंनी चहा न विचारताच घालवला. दुसऱ्याने बाथरूमच्या भिंतीवर टकटक केली, मान हलवली आणि "आत काय निघेल सांगता येत नाही" म्हणाला. त्याला बाईंनी "मग सांगता येईल तेव्हा या" म्हणून दार दाखवलं. तिसरा सगळे पैसे आधीच मागत होता. चौथ्याकडे आधीच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर मागितले, तर त्याने खुशाल आपल्या मेव्हण्याचा नंबर दिला, आणि मेव्हण्याने फोनवर "दाजींचं काम एकदम फर्स्टक्लास" असं सांगून दाजींचा घात केला.

बाईंना यातलं काहीच नवं नव्हतं. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीमागे त्यांची उभी नोकरी गेली होती. ऑफिसात त्यांना तक्रारबाई म्हणत, आणि ते ऐकून त्या खूश होत. निवृत्तीनंतर खिडकी गेली, तक्रार राहिली.

घर दुरुस्त करून घेणाऱ्याला या जगात कोणी वाली नाही, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते चूक नव्हतं. डॉक्टर वाईट निघाला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं. अर्धी फोडलेली भिंत घेऊन माणूस जाणार कुठे? कंत्राटदारांना हे पुरतं ठाऊक असतं. म्हणून तर ते आधी फोडतात आणि मग बोलतात.

बाथरूम करून घ्यायची होती ती ताईमुळे. ताई, बाईंची थोरली बहीण, नवरा गेल्यावर इथे राहायला आली, आणि दोघी बहिणी एकमेकींशी भांडत वर्षानुवर्षं सुखाने राहिल्या. पंखा किती वर ठेवायचा यावरून भांडण, दार लोटायचं की लावायचं यावरून भांडण. गेल्या वर्षी बाथरूमच्या गुळगुळीत फरशीवर ताईचा पाय सटकला. दवाखान्यात गेली ती परत आली नाही.

तेव्हापासून घर गप्प होतं. बाई टीव्ही लावून ठेवत, पण टीव्ही उलट उत्तर देत नाही. भांडायलासुद्धा दुसरं माणूस लागतं.

ताईची मुलगी दुसऱ्या शहरात होती. दर रविवारी फोन करायची.

"मावशी, ती बाथरूम आधी करून घे. नाहीतर सामान बांध नि इकडे ये."

"फरशी गुळगुळीत झालीय, मी नाही."

"आईपण असंच म्हणायची."

 मग भाचीने अट घातली. महिनाअखेरीस ती येणार. काम नीट पूर्ण झालेलं दिसलं, कारागीर घराबाहेर आणि मावशी घरात धडधाकट, तर ती पुन्हा हा विषय काढणार नाही. पण पसारा पडलेला दिसला, तर घराला कुलूप लावून मावशीला सोबत नेणार.

"उचलून नेशील का मला?"

"नेईन. तुझं वजन तरी कुठे उरलंय आता."

बाईंना भाची आवडत होती. पण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या वेळेला जेवून, दुसऱ्याच्या खिडकीतून बघत बसायचं, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. हे घर गप्प असलं तरी त्यांचं होतं.

२

पाचवा कंत्राटदार सकाळी सांगितलेल्या वेळेला आला. इथेच बाईंच्या मनात पहिली शंका आली. कुठला कंत्राटदार वेळेवर येतो?

तो मध्यम वयाचा होता आणि खूप दिवस झोप न झाल्यासारखा दिसत होता. चपला बाहेर काढल्या. भिंतीवर टकटक केली नाही. बाथरूममध्ये जाऊन नुसता उभा राहिला, मग बाहेर आला.

"ताई, काम सरळ आहे."

"ताई म्हणायचं नाही. ताई होती, ती गेली. मला बाई म्हणा."

"बरं, बाई. घरात कोण कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"मीच. का, कमी पडते का?"

तो हसला नाही. ताईच्या खोलीच्या बंद दाराकडे त्याने एकदा पाहिलं. "मग एकच माणूस ठेवतो. पण ते चांगलं आहे. काम अर्धवट सोडत नाही."

बाईंनी कान टवकारले. "तो माणूस," त्यांनी दुरुस्ती केली.

"हो," तो म्हणाला. "ते."

असेल एखाद्याच्या बोलण्याची लकब, बाईंनी स्वतःची समजूत घातली. आपणही म्हणतोच की, म्हातारं माणूस, आजारी माणूस, घरचं माणूस. गवंड्याला 'ते' म्हणणारा मात्र त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. पण गिलावा करणाऱ्याचं व्याकरण तपासून कोणाचं भलं झालंय?

आधीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते त्याने न मागता दिले. "फोन नका करू. जाऊन बघा," म्हणाला. दुसरी शंका. पण या शंकेचं करायचं काय, हे बाईंना कळेना. माणूस लबाड असेल तर कसा वागेल हे त्यांना पाठ होतं. हा तसा वागत नव्हता.

३

पहिला पत्ता एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा होता. एकटीच राहायची. खिडकीशी मशीन, मशीनवर अर्धा झालेला झगा. तिने स्वयंपाकघर दाखवलं. बाईंनी आयुष्यात इतकी सरळ भिंत पाहिली नव्हती. तळहात फिरवला तर कुठे जोड म्हणून लागला नाही. टाइल्सचे सांधे असे, की जणू सगळी भिंत एकदमच उगवली असावी.

"छान झालंय हो," बाई नाइलाजाने म्हणाल्या. असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"ते फार चांगलं आहे," शिवणारी म्हणाली. बोलताना तिची मान सारखी आतल्या खोलीकडे वळत होती.

"बरीच वर्षं झाली का?"

"झाली की. पण अजून आहे. जरासुद्धा हललेलं नाही."

काम ते कामच. काम चांगलं झालं तर लोक 'ते चांगलं आहे' असंच म्हणणार, त्यात वावगं काय? बाईंनी मनातल्या मनात खूण केली: टिकाऊ.

"त्रास काही झाला का त्यांचा?"

शिवणारीने थोडा विचार केला. "तुम्ही एकट्या असता?"

"हो."

"मग नाही होणार," ती म्हणाली, आणि तिने बाईंचा हात क्षणभर हातात धरून सोडला. तिची बोटं मऊसूत होती. आयुष्यभर सुई धरूनही कुठे घट्टा नाही, कुठे टोचल्याची खूण नाही.

बाई जिन्यापर्यंत आल्या तेव्हा मागून दार लागलं, आणि दाराआडून तिचा आवाज आला. आत कोणाला तरी सांगत होती, अगदी घरगुती सुरात: "गेल्या हं त्या."

जिना उतरताना बाईंनी स्वतःला बजावलं, की एकटी माणसं बोलतात अशी. आपण नाही का फ्रिजशी बोलत?

दुसऱ्या पत्त्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थाने दार अर्धंच उघडलं. "उत्तम. ते उत्तम आहे," एवढं म्हणून त्याने ते लावून घेतलं. त्याच्या मागे कोणीतरी खुर्ची सरकवली.

४

करार बाईंनी स्वतः लिहिला होता. काम दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. बदल करायचा तर आधी विचारायचं. राडारोडा रोज उचलायचा. कंत्राटदार एकेक ओळ वाचत, मान डोलवत गेला आणि शेवटच्या ओळीवर अडला.

'घरात कसलीही खोट उरली नाही असं मालकीण स्वतः सांगेपर्यंत माणूस हलवायचा नाही.'

"हे नका घालू, बाई."

बाई मनातून सुखावल्या. सापडला! या धंद्यातली जुनी हलकट खोड त्यांना चांगली ठाऊक होती. सकाळी माणूस येऊन तुमची भिंत फोडतो, आणि दुपारपासून तोच माणूस दुसऱ्या कोणाची तरी भिंत फोडत असतो. तुम्ही बसा धुळीत फोन लावत.

"का? दुसरीकडे न्यायचाय का त्याला?"

"तसं नाही. ठरलेलं काम संपलं की मी आपला घेऊन जातो. तेच बरं असतं. तुम्ही 'कसलीही' लिहिलंय."

"मग? थोडी खोट चालेल असं लिहू?"

"निदान 'घरात'च्या जागी 'कामात' तरी लिहा."

"आणि काम करताना माझं दार ओरखडलं, फ्रिजला पोचा आला, की तुम्ही म्हणणार, 'ते आमच्या कामात नव्हतं'. ऐकलंय मी हे. उभा जन्म ऐकलंय. घरात म्हणजे घरात."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याने सही केली. "एक करा. वेळेवर 'झालं' म्हणा. जास्त बघत बसू नका. तुम्ही 'झालं' म्हणालात की मी त्याच क्षणी घेऊन जाईन. माझा शब्द."

गिऱ्हाइकाकडून घाईने 'झालं' वदवून घेणं ही तर सगळ्यात जुनी चलाखी. बाई गालात हसल्या.

"झालं की म्हणेन," त्या म्हणाल्या.

५

सोमवारी बाई उठल्या तेव्हा काम सुरू झालेलं होतं. बाथरूमच्या दाराला वरून खालपर्यंत जाड, दुधी प्लास्टिक लावलं होतं आणि त्याच्या मागे थापी फिरत होती. पुढच्या दाराची कडी आतून तशीच होती. मागच्या दाराची किल्ली कंत्राटदाराकडे दिली होती, तेव्हा तिकडून आला असणार.

त्यांनी कंत्राटदाराला फोन लावला. "आला का तुमचा माणूस?"

"माणूस ठेवलंय," तो म्हणाला. "त्याच्याशी फार बोलू नका."

गवंडी म्हणजे कानाला फोन, तोंडात गाणं आणि दर तासाला चहा, असा बाईंचा अनुभव. हा खोकलासुद्धा नाही. बादलीत पाणी निथळायचं, थापी खरवडायची, ओल्या सिमेंटवर ते सारखं करायचा लाकडी रंधा गोल गोल फिरायचा. प्लास्टिकमागे एक फिकट आकृती दिसायची. बाई जवळ गेल्या की ती पलीकडच्या भिंतीशी जायची. लाजाळू असेल. किंवा भाषा येत नसेल. कामापुरतं गाव सोडून आलेली कितीतरी माणसं अशीच तोंड मिटून राबतात, आणि त्यांच्या जिवावर कंत्राटदार माड्या बांधतात, याचा बाईंना नेहमीच संताप येई. त्यांनी चहा करून पडद्याबाहेर ठेवला.

थोड्या वेळाने कप धुऊन पालथा ठेवलेला दिसला. बाईंनी तो उचलला आणि बघत राहिल्या. या कपाचा कान जरा फुटका होता. ताई तो टाकू देत नसे. आता कान अख्खा होता.

दुसराच कप असेल. पण घरात तसा दुसरा कप नव्हता.

तरी सांगायला हवं, की ते दिवस वाईट नव्हते. घरात आवाज होता. बाईंनी टीव्ही लावणं बंद केलं. त्या पडद्याशी खुर्ची घेऊन बसत आणि आतल्याला सूचना देत. "उतार जाळीकडे हवा, दाराकडे नको. कळतंय का? मागच्या वेळच्या शहाण्याने उलटा दिला होता." दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या फटीतून पाहिलं तर उतार बरोबर असे. इतक्या वर्षांत त्यांचं म्हणणं कोणी इतकं निमूट ऐकलं नव्हतं. ताईने तर कधीच नाही.

त्या आठवड्यात कपाटाची कुरकुरणारी बिजागरी कुरकुरायची थांबली. पातेल्याच्या झाकणाचा पोचा निघाला. दिवाणखान्यातली, कोपऱ्यात वर्षानुवर्षं उमटलेली ओल नाहीशी झाली. यातलं काहीच करारात नव्हतं.

होतं, बाईंना आठवलं. घरात कसलीही.

६

गुडघा दुखायचा थांबला तेव्हा त्यांनी श्रेय नव्या गोळ्यांना दिलं. गुडघ्यावर पांढऱ्या भुकटीचा पुसट डाग होता. घरात काम चालू असलं की भुकटी कुठे नसते?

बोटाचं मात्र गोळ्यांवर ढकलता येईना. बाईंच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी दोघींच्या भांडणात ताईने धाडकन दार लावलं आणि करंगळी मध्ये आली. तेव्हापासून ती बाहेरच्या बाजूला वळलेली. पुढे कधीही वाद झाला की बाई ती करंगळी ताईच्या नाकासमोर नाचवायच्या, आणि ताई म्हणायची, "पुरे! तेच तुणतुणं किती वर्षं वाजवणार आहेस?"

एका दुपारी डुलकी काढून उठल्या आणि डोळ्यांवरचे केस मागे घेताना काहीतरी वेगळं वाटलं. करंगळी सरळ होती. बाकीच्या बोटांसारखी, शहाण्यासारखी. नखाच्या कडेला वाळलेली पुट्टी होती.

बाई खाटेवर बसून राहिल्या. दोन्ही हात शेजारी शेजारी धरून पाहिले. उजेडाला नेऊन पाहिले. झोपेत असताना कोणीतरी आपला हात हातात घेऊन बसलं होतं. किती वेळ? त्यांना त्याचं काहीच कळलं नव्हतं, आणि सगळ्यात भयंकर हे, की झोप छान लागली होती.

फोन लावताना त्यांचा आवाज चढला. "माझं बोट! माझ्या बोटाला हात लावला त्याने!"

"दुखतंय का?" कंत्राटदाराने विचारलं.

"नाही."

"मग कसं आहे आता?"

"सरळ आहे! पण ते माझं वाकडं बोट होतं!"

तिकडून तो मग म्हणाला, "बाई, तुम्ही 'झालं' म्हणा. आत्ता येतो, घेऊन जातो. अर्ध्या तासात."

शब्द ओठांवर आला होता. पण नजर बाथरूमकडे गेली. सांडपाण्याच्या तोंडावर जाळी बसायची होती. नळ जोडायचे होते. अर्धवट काम बघून भाची काय करेल हे ठरलेलंच होतं: बॅग, गाडी, कुलूप. आणि अर्धवट कामाला 'झालं' म्हणायचं नसतं, हे बाईंनी खिडकीमागे बसून हजारो मूर्खांना सांगितलं होतं.

"जाळी बसू दे," त्या म्हणाल्या. "मग म्हणते."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि बाईंना तो असता तर बरं वाटलं असतं. "दुपारी झोपत जाऊ नका."

७

भाची यायच्या दिवशी सकाळी बाथरूमचा पडदा काढलेला होता. बाईंनी तांब्याने पाणी ओतलं. ते वळण घेत, कुठेही न थांबता जाळीत गेलं. फरशी ओली असूनही पाय घट्ट बसत होता. त्यांनी नखाने सांधे खरवडले, टाइल्सवर कान लावून टिचक्या मारल्या, पाठीचा कणा मोडेपर्यंत नळाखाली वाकून पाहिलं. खोट नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना तक्रार सापडली नाही, आणि तिथे उभं राहून त्यांना एकदम खूप थकल्यासारखं वाटलं.

म्हणजे आज संपलं. त्यांनी कंत्राटदाराला बोलावलं. संध्याकाळी भाची येईल, नाक मुरडायला जागा शोधेल, ती मिळणार नाही, मग ती जाईल. घर आपलं. पुन्हा टीव्ही लावायचा.

त्या बाहेर आल्या आणि थबकल्या.

दुधी प्लास्टिक आता ताईच्या खोलीच्या दाराला लावलेलं होतं.

खोलीत काही काम नव्हतं. खोली बंद होती, ताई गेल्यापासून तशीच. आतून थापीचा आवाज येत नव्हता. येत होता तो घोटाईचा, गिलाव्याचा शेवटचा हात गुळगुळीत करतात तसा, हलका, जवळजवळ हळुवार. मध्येच खाटेची पट्टी करकरली. ती पट्टी ताई उजव्या कुशीवर वळली की करकरायची; पण कोणीही बसलं तरी करकरेलच, बाईंनी स्वतःला सांगितलं. लोखंड आहे ते. लोखंडाला काय कळतंय.

"अहो," त्यांनी हाक मारली. "त्या खोलीत काही करायचं नाहीये."

घोटाई चालूच राहिली.

घरात कसली खोट आहे, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. दोन ताटं काढून एक परत ठेवायची. पंखा कमी करायला कोणी सांगत नाही म्हणून जास्तच ठेवायचा आणि मग थंडीने आखडून झोपायचं. दर रविवारी भाचीला "मजेत आहे" म्हणायचं. बाई भिंतीला टेकल्या. भिंत इतकी सरळ होती, की पाठ कुठेच टेकल्यासारखी वाटेना.

८

कंत्राटदार आला. चपला दारातच काढून बाहेरच्या खोलीत उभा राहिला, आत आला नाही. खिशातून एक किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली.

"मागच्या दाराची. पहिल्याच दिवशी परत द्यायची होती. तिची गरजच पडली नाही."

बाईंनी किल्लीकडे पाहिलं नाही. "ते तिकडे काय करतंय?" त्यांनी विचारलं, आणि आपण 'ते' म्हणालो हे त्यांच्या लक्षात आलं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "मी कधीच बघायला जात नाही. तुम्हीपण जाऊ नका. इथेच उभ्या राहा आणि म्हणा."

"त्या शिवणाऱ्या बाईने 'झालं' नाही म्हटलं?"

"'आतल्या दारापर्यंत जाऊन येते' म्हणाली होती ती. मी तिच्या घराबाहेर वाट बघत उभा होतो. अजून फोन नाही केला तिने." तो पहिल्यांदाच बाईंकडे सरळ बघत होता. "एक शब्द आहे, बाई. तुम्हाला काय अवघड आहे?"

टेबलावर बाईंचा फोन वाजू लागला. भाची. निघाली असणार, गाडीतून बोलत असणार, "मावशी, झालं का गं काम?" असं विचारणार. एक शब्द, आणि दोघांनाही उत्तर मिळालं असतं. फोन वाजत वाजत टेबलावर सरकत गेला आणि थांबला.

"मी फक्त दारापर्यंत जाते," बाई म्हणाल्या. "काम बघितल्याशिवाय मी कोणाला कधी 'झालं' म्हटलेलं नाही."

"बाई."

पण त्या गेल्या होत्या.

ताईच्या खोलीची खिडकी पश्चिमेला. दुपार कलली होती आणि ऊन खिडकीतून सरळ आत येऊन प्लास्टिकवर पडलं होतं. पडदा आतून पेटल्यासारखा उजळला होता आणि त्यावर सावली होती. एकच. खाटेच्या काठावर बसलेली. पाय जमिनीला पुरत नव्हते, म्हणजे पुरत असावेत, पण बसण्याची पद्धत तशी. अंबाड्याची गाठ मानेवर खाली आलेली. समोर कोणीच नव्हतं, शेजारी कोणी नव्हतं. घोटाई करणारा हात त्या सावलीचाच होता. उजव्या हाताने ती आपला डावा खांदा घोटत होती, वरून खाली, वरून खाली, आणि प्रत्येक फेरीला खांदा जरासा आणखी गोल होत होता.

 त्यांना पळायचं होतं. बाहेरच्या खोलीत किल्ली होती, फोन होता, एक दमलेला, खरं बोलणारा माणूस होता. "झालं," एवढंच. तोंड उघडून, श्वास बाहेर सोडून. शब्द दातांपर्यंत आलाही.

सावलीने हात खाली घेतला आणि ती थांबली. ताठ बसली. काम दाखवायला थांबतात तशी.

 घरात फ्रिजची घरघर तेवढी होती.

बाईंनी पाहिलं. नीट पाहिलं, त्यांच्या सवयीने, वरपासून खालपर्यंत. ताई आयुष्यभर शाळेत शिकवायची. वह्यांनी भरलेली पिशवी नेहमी डाव्या खांद्यावर. शिंप्याला ती दर वेळी बजावायची, एक बाजू कमी ठेव म्हणून.

"बाई, 'झालं' म्हणताय ना?" बाहेरून कंत्राटदाराने विचारलं. त्याच्या आवाजात आता विनवणी होती.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला, इतका मऊ. त्या पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. "डावा खांदा. डावा खांदा जरा खाली हवा. तिचा तसा होता."

बाहेरच्या खोलीत चपला पायात घातल्याचा आवाज झाला आणि पुढचं दार हलकेच लागलं.

पडद्यामागे क्षणभर काहीच हललं नाही. मग घोटाईचा आवाज पुन्हा सुरू झाला, सावकाश, कोणीतरी नीट ऐकून घेतल्यासारखा.